आडवं घेऊन भरवू नका

प्रश्न : माझ्या तीन वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. सासूबाई मांडीवर आडवं घेऊन भरवतात. दर घासाला ठसका लागतो. काय करू? – एक आई, नारायणगाव (ता. जुन्नर)

उत्तर : ताई, आडवं भरवणं आजच थांबवा. मान मागे गेली की घास श्वासनलिकेत उतरू शकतो. भिंतीच्या कोपऱ्यात टेकवून, दोन्ही बाजूंना गोधडीच्या घड्या लावून बसवा. पुढ्यात टोमॅटोचा उपडा क्रेट, त्यावर त्याचे हात. हनुवटी किंचित खाली. पातळ वरणापेक्षा दाट कालवलेला मऊ भात त्याला सोपा जाईल. चमचा समोरून, खालून आणा. सासूबाईंना बोल लावू नका, हे त्यांनाच शिकवा. वारंवार ताप-खोकला येत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. अशा मुलांसाठीच्या सरकारी ‘निरामय’ आरोग्य विम्यात वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचा उपचारांचा खर्च मिळतो, थेरपीसुद्धा त्यात येते.