मासोळीचा फोटो आणि गिऱ्हाईकाचा भरोसा: इन्स्टाग्रामवर आपलं दुकान कसं मांडायचं



मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी जाळं ओढलं, कतला-रोहू चांगला लागला. नेहमीच्या व्यापाऱ्याची गाडी यायची होती. दहा वाजले, अकरा वाजले, गाडी नाही. फोन लावला तर म्हणे, "आज नागपूरले माल लय आला, भाव पडला. कमीत देता का?" इकडं बर्फ वितळत होता. दिला कमीत. काय करता?

त्याच सकाळी एका सभासदाच्या मुलीनं घाटावर मासोळीचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकला होता. दुपारी बोरगावच्या कारखान्यातली दोघं-तिघं विचारत आली, "फोटोतली मासोळी हाये का जी?" माल तर गेला होता. मासोळी होती तेव्हा त्यांना माहीत नव्हतं, आणि त्यांना कळलं तेव्हा मासोळी नव्हती. त्या मधल्या तीन तासांसाठी आपण हा धडा लिहितो आहोत.

व्हॉट्सॲपचं स्टेटस फक्त ओळखीच्यांना दिसतं, म्हणजे ज्यांच्याकडं आपला नंबर आहे त्यांनाच. अनोळखी गिऱ्हाईक पाहिजे असेल तर इन्स्टाग्राम कामाचं आहे. हे २०१० साली सुरू झालं, तेव्हा फक्त फोटो टाकायची सोय होती. २०१२ मध्ये फेसबुकनं ते विकत घेतलं. जुलै २०२० मध्ये भारतात त्यावर रील आली आणि तेव्हापासून आपल्या खेड्यापाड्यातली पोरंही त्यावर आहेत. सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा, रामाकोना इथली तरुण मंडळी रोज ते उघडते. घरात मासोळी आणायची का, हे आजकाल तीच मंडळी ठरवते.

आधी आमची चूक सांगतो

संस्थेचं पहिलं खातं आम्ही एका होतकरू पोराकडून उघडून घेतलं. त्याच्या स्वतःच्या नंबरावर, त्याच्याच ईमेलवर. पोरगा हुशार, फोटोही चांगले टाकायचा. पुढं त्याला बाहेरगावी नोकरी लागली, नंबर बदलला, पासवर्ड कोणालाच माहीत नाही. ते खातं बंदही करता येईना. त्यावर जुना भाव तसाच लिहिलेला. एक जण सावनेरहून तो भाव पाहून आला आणि आमच्याशी भांडून गेला. त्याचं काय चुकलं? काहीच नाही.

त्यात पोराचाही दोष नाही, दोष आमच्या कारभाराचा. म्हणून पहिला नियम असा: खातं संस्थेच्या किंवा घरच्या कायम राहणाऱ्या नंबरावर उघडायचं. नंबर, ईमेल आणि पासवर्ड एका वहीत लिहून कुलपात ठेवायचा. दोन माणसांना माहीत असला पाहिजे. कार्यकारिणी बदलली की जसं शिक्का आणि दप्तर सोपवतो, तसं खातंही सोपवायचं. सेटिंगमध्ये दोन टप्प्यांची तपासणी सुरू करायची, म्हणजे नुसता पासवर्ड मिळाला तरी दुसऱ्याला आत शिरता येत नाही.

खातं कसं उघडायचं

१. इन्स्टाग्राम ॲप घ्या, नंबर टाका, नाव टाका. वापरकर्ता नाव फक्त इंग्रजी अक्षरांत होतं. ते छोटं ठेवा, फोनवर सांगता येईल असं.

२. त्याखाली जे मोठं नाव दिसतं ते मराठीत किंवा हिंदीत लिहिता येतं. तिथं नुसतं "जय भोलेनाथ" लिहू नका. "ताजी मासोळी, सौंसर" असं लिहा. कोणी शोधलं तर याच नावावरून सापडतं.

३. सेटिंगमध्ये जाऊन खात्याचा प्रकार "प्रोफेशनल", त्यात "बिझनेस" असा करा. याला पैसे लागत नाहीत. मग फोन लावायचं बटण मिळतं आणि किती जणांनी पाहिलं ते कळतं.

४. ओळखीच्या मजकुराला १५० अक्षरांची मर्यादा आहे. त्यात चार गोष्टी बसवा: काय मिळतं, कुठं मिळतं, किती वाजता मिळतं, कोणत्या नंबरावर बोलायचं. उदाहरण: "तलावातली ताजी रोहू, कतला, मिरगल. सकाळी ७ ते ११. साफ करून मिळेल. फोन करून या."

फोटो काढायची रीत

एका काकांनी बैठकीत विचारलं होतं, "कायले फोटो काढता जी, लोक काय फोटो खाणार हायेत?" प्रश्न बरोबर आहे. पण बाजारात गिऱ्हाईक काय करतं ते आठवा. कल्ला उचलून पाहतं, डोळा पाहतं, बोटानं दाबून पाहतं. फोटोत बोट लावता येत नाही, म्हणून बाकीचं सगळं आपल्याला दाखवावं लागतं.

कल्ले लाल दिसू द्या. डोळा स्वच्छ आणि फुगीर दिसू द्या. मासोळी आधी स्वच्छ पाण्यानं धुवा, चिखल-शेवाळ काढा. मळकट पोत्यावर ठेवू नका, धुतलेल्या ट्रेवर किंवा केळीच्या पानावर ठेवा. फ्लॅश मारू नका, खवल्यांवर चमक येऊन मासोळी पांढरी दिसते. सकाळचं ऊन तिरपं असतं, तेव्हा सावलीच्या कडेला उभं राहून काढा. फोनच्या कॅमेऱ्याची काच आधी पुसा. आपल्या हाताला पाणी आणि खवले लागलेले असतात, म्हणून अर्धे फोटो धुरकट येतात. फोन उभा धरा.

आणि वजनकाट्यावर ठेवून एक फोटो काढाच. नुसत्या फोटोत दीड किलोची मासोळी चार किलोची वाटते. गिऱ्हाईक आलं आणि त्याला लहान दिसली तर ते परत येत नाही. याच कारणानं इंटरनेटवरून उचललेला फोटो कधीही टाकू नका. समुद्राच्या पापलेटचा फोटो टाकून तलावातली मिरगल विकायची, हे एकदाच जमतं.

काय कुठं टाकायचं

इन्स्टाग्रामवर चार जागा आहेत. बाजारातल्या जागा जशा वेगळ्या असतात, तशाच याही.

स्टोरी: ही २४ तासांत आपोआप निघून जाते. आजचा माल आणि आजचा भाव इथंच टाका. उद्या जुना भाव कोणाला दिसत नाही, त्यामुळं भांडण नाही.

हायलाइट: निवडलेल्या स्टोरी वर कायम ठेवायची जागा. रस्ता कसा, वेळ काय, साफ करायचे किती, हे इथं ठेवा. भाव इथं ठेवू नका.

पोस्ट: ही कायम राहते. काटेवाली कोणती, लहान पोराला कोणती द्यावी, रस्सा कशाचा चांगला, अशी माहिती इथं.

रील: छोटा व्हिडिओ. जे आपल्याला ओळखत नाहीत त्यांच्यापर्यंत हीच जास्त पोचते. पहाटे डोंगा पाण्यात जातो, जाळं ओढलं जातं, ट्रे भरतो, बर्फ पडतो. अर्ध्या मिनिटात होतं. यात नाचगाणं लागत नाही. आपलं रोजचं कामच शहरातल्या माणसाला पाहावंसं वाटतं.

थोडक्यात, रीलनं नवीन माणूस येतो आणि स्टोरीनं जुना माणूस टिकतो. रोज एक स्टोरी आणि आठवड्याला एक रील एवढं पुरे. मंगळवार आणि शनिवारी आपल्या भागात खाणारे कमी, जामसावळीच्या हनुमानाला जाणारे जास्त. मग मंगळवारी जाळ्याची रील टाका आणि बुधवारच्या मालाची सूचना द्या.

खाली लिहायचं काय? मासोळीचं नाव, वजन, भाव, जागा, वेळ. भाव लिहायला लाजू नका. "भावासाठी मेसेज करा" असं लिहिलं की निम्मी माणसं पुढं सरकतात. भाव साफ करण्याआधीच्या वजनाचा की नंतरच्या, तेही लिहा. जास्तीत जास्त तंटे यावरूनच होतात. आपल्याकडं मराठी आणि हिंदी दोन्ही बोलणारं गिऱ्हाईक आहे, म्हणून दोन ओळी मराठीत, दोन हिंदीत.

खरंच फायदा होतो का?

हिशेब मांडून पाहू. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. समजा व्यापारी किलोला १२० देतो आणि किरकोळीत १८० मिळतात. फरक ६० चा. त्यातून बर्फ, पिशवी, साफ करणाऱ्याची मजुरी, उरलेल्या मालाची घट मिळून २५ गेले. उरले ३५. दहा किलो विकली तर ३५० जास्त. पण शंभर किलो फोटोवरून एका सकाळी विकली जाईल असं समजू नका. उरलेले नव्वद किलो कोण नेणार? व्यापारीच. त्याच्याशी वैर करायचं नाही. सुरुवातीला मालाचा थोडाच हिस्सा थेट विका, बाकीचा नेहमीसारखा द्या. थेट गिऱ्हाईक वाढत गेलं की भाव ठरवताना आपलाही आवाज वाढतो. "घेत नसाल तर राहू द्या" असं म्हणायची ताकद त्या दहा-वीस किलोतूनच येते.

आणि फोटो कितीही चांगला असला तरी बर्फ लागतोच. मासोळी पाण्याबाहेर आली की लगेच बर्फात, एक थर बर्फ आणि एक थर मासोळी. सातचा फोटो पाहून माणूस दहाला येतो, तेव्हाही मासोळी फोटोसारखीच दिसली पाहिजे.

बंद ऋतूत काय करायचं

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट बंद ऋतू असतो. मासोळी अंडी देते म्हणून नदी-जलाशयात मासेमारी, वाहतूक, विक्री मना असते. मोडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. या दिवसांत मार्चमधली जुनी रील गंमत म्हणून पुन्हा टाकली, तर पाहणाऱ्याला ती आजचीच वाटते. म्हणून टाकू नका. नदीशी संबंध नसलेल्या छोट्या तळ्याला सूट असते. तुमचा माल तसल्या तळ्यातला असेल तर पोस्टमध्ये तसं स्पष्ट लिहा आणि कागद जवळ ठेवा. थाई मांगूरवर तर देशात बंदीच आहे, त्याचा फोटोही नको.

मग दोन महिने खातं झोपू द्यायचं का? मुंबईकडं "नो युअर फिश" नावाचा उपक्रम आहे. ते मासे विकत नाहीत. कोणत्या महिन्यात समुद्रातला कोणता मासा खावा आणि कोणता टाळावा, एवढंच ते लोकांना सांगतात, आणि लोक ते आवडीनं पाहतात. तिकडं पश्चिम किनाऱ्यावर बंदी १ जून ते ३१ जुलै असते. आपणही सांगू शकतो की आत्ता मासोळी का मिळत नाही, पोटातली अंडी म्हणजे पुढच्या वर्षीचा माल कसा. जाळं विणताना, डोंग्याला डांबर लावताना, बोटुकली सोडताना दाखवा. आपल्याकडं हिंदी पंचांगाचा सावन आधी लागतो आणि मराठी श्रावण पंधरा दिवसांनी, त्यामुळं खाणारे तसेही कमीच असतात. १६ ऑगस्टला कोणाची आठवण यावी, हे या दोन महिन्यांत ठरतं.

फसवणुकीपासून सांभाळा

एक माणूस मेसेज करतो, "वीस किलो पाहिजे, पार्टी आहे, ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा." थांबा. पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे जाणार. कोणी पैसे भरल्याचा फोटो दाखवला तर त्यावर जाऊ नका, आपल्या खात्यात जमा झाले का ते पाहा, मगच माल द्या. फसगत झालीच तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे मिळणं अवघड.

फेसबुकच्या मार्केटप्लेसवर जिवंत प्राण्यांच्या विक्रीला परवानगी नाही, म्हणून जिवंत मासोळी किंवा बोटुकली तिथं टाकू नका. जाळं कुठं टाकलं ती नेमकी जागाही व्हिडिओत दाखवू नका. रात्री जाळं कापणारेही फोन पाहतात.

हे काम कोणी करायचं?

बहुतेक घरांत पहाटे बाप्या माणूस पाण्यात असतो आणि विक्री बायाच करतात. गिऱ्हाईक काय विचारतं हे त्यांनाच पक्कं माहीत. फोन पोरापोरींना चांगला येतो. म्हणून जोडी करा: काय सांगायचं ते आई सांगेल, टाकेल लेक. कोणी मेसेज केला तर त्याच सकाळी उत्तर द्या. माल संपला असेल तर "संपला, उद्या सकाळी सांगतो" असं लिहा. गप्प राहू नका.

या आठवड्यात एवढंच करा: खातं उघडा, ओळखीचा मजकूर लिहा, आणि वजनकाट्यासह तीन फोटो काढा. पुढच्या बैठकीला फोन चार्ज करून आणा. ज्यांचं अडलं असेल त्यांचं तिथंच बसून करून देऊ. आपल्या पहिल्या खात्यासारखं कोणाचं होऊ नये म्हणून वहीही सोबत आणा. पासवर्ड त्यात तुमच्या हातानं लिहा आणि वही आपल्या घरी कुलपात ठेवा.