ऐन थंडीत मुसळधार?

प्रश्न : डिसेंबर लागला, बोंबील वाळत घातलेत आणि नेमका पावसाचा ऑरेंज अलर्ट आलाय. थंडीत एवढा पाऊस खरंच पडतो का?
– एक वाचक, रायगड किनारा

उत्तर : पडतो. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळाने मुंबई-कोकण भिजवलं. १ डिसेंबर २०२१ लाही असंच झालं. तेव्हा वादळ नव्हतं. उत्तर भारतावरून जाणारा पश्चिमी झंझावात आणि अरबी समुद्रावरचा कमी दाबाचा पट्टा एकत्र आले की समुद्रावरचं बाष्प किनाऱ्याकडे ओढलं जातं. त्यामुळे ‘हा काय पावसाळा आहे?’ म्हणून इशारा उडवून लावू नका.

ऑरेंज म्हणजे तयारीत राहा. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार.

बोंबील आजच उतरवा. अर्धवट सुकलेली मासळी भिजली की वास धरते, अळी पडते. पुन्हा ऊन दाखवून ती सुधारत नाही. ढीग मात्र घालू नका, छपराखाली पातळ पसरा, वारा लागू द्या. बंदरावर तीन नंबरचा इशाऱ्याचा बावटा चढला असेल तर होडी लोटायचीच नाही, मासळी कितीही लागत असली तरी. आंब्याला मोहोर आला असेल, तर फवारणी पाऊस उघडल्यावर. आधी मारलेलं औषध धुऊन जातं.