अंगणवाडी : गावातली पहिली शाळा

आपल्या शाळेच्या शेजारी अंगणवाडी आहे. तिथे तीन ते सहा वर्षांची मुले येतात. काही माणसे म्हणतात, "तिथं काय, नुसती खिचडी मिळते." पण तसे नाही. म्हणून मी ही माहिती लिहिली आहे.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईला झाला. त्यांनी १९४५ साली बोर्डी गावात लहान मुलांसाठी काम सुरू केले. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, आता पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येत नसत. मग त्याच वस्तीत गेल्या आणि अंगणात मुलांना शिकवू लागल्या. म्हणून तिचे नाव अंगणवाडी. विकतची महाग खेळणी नव्हती. शिंपले, बिया, पाने, खडे हेच साहित्य होते.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहत, त्यासाठी विकासवाडी काढली. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी होती. धाकटे पाळण्यात आणि थोरली वर्गात!

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तेव्हा देशात ३३ प्रकल्प होते. आता गावोगाव अंगणवाड्या आहेत. त्यांची सहा कामे अशी :

१) पूरक आहार
२) लसीकरण
३) आरोग्य तपासणी
४) आजारी मुलाला दवाखान्यात पाठवणे
५) आयांना आहार व आरोग्याची माहिती देणे
६) गाणी, गोष्टी, खेळ यांतून शिक्षण

गरोदर बायका आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनाही आहार मिळतो. सेविकाताई मुलांचे वजन करतात. तक्त्यात वजन हिरव्या पट्ट्यात आले तर ठीक. पिवळ्यात आले तर जपायचे. त्याच्याही खाली आले तर लगेच दवाखाना. मूल नुसते बघून हे कळत नाही, म्हणून वजन चुकवू नये.

आता महत्त्वाचे सांगते. कापूस वेचायच्या दिवसांत आपल्या वर्गात मुली कमी होतात. आई शेतात जाते, मग धाकट्याला कोण धरणार? मुलगीच घरी राहते. तिचे पाढे राहतात, धडे राहतात. मग वर्ग पुढे जातो आणि ती मागे पडते. तीन वर्षांच्या वरचे मूल अंगणवाडीत बसले तर ती शाळेत येईल. अंगणवाडी लवकर सुटते हे खरे आहे. पण तेवढा वेळ आजीने नाहीतर शेजारच्या काकूने बघितले तर काय बिघडते?

पालकांनो, धाकट्याला अंगणवाडीत पाठवा आणि थोरलीला शाळेत पाठवा. एका घरातली दोन मुले शिकतील.

– इयत्ता ४ थीची विद्यार्थिनी