नावांची भिंत

माणूस जातो, त्याचे नाव तरी राहावे, असे मागे राहिलेल्यांना वाटते. महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलखात या भावनेच्या खुणा जागोजाग दिसतात. शिवथरच्या घळीत पाऊल टाकताच समर्थ रामदासांचे स्मरण होते. पोलादपूरजवळच्या उमरठ गावी तानाजी मालुसरे यांची समाधी पाहून सिंहगडाची ती रात्र डोळ्यांपुढे उभी राहते. महाराष्ट्रात गावोगावी देवळांच्या आवारात वीरगळही आढळतात. त्या दगडांवर झुंजणारा वीर कोरलेला असतो. परंतु तो वीर कोण, हे बहुधा कोणालाच सांगता येत नाही. दगड टिकला, नाव हरपले.

याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या उत्तरेस, नवगाव नावाचे एक गाव आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी कोकणातील बेने इस्राएल समाजाची परंपरागत कथा आहे. हे लोक ज्यू धर्माचे. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेली आपल्या सोबत्यांची प्रेते त्यांनी नवगावच्या भूमीत पुरली, असे ही कथा सांगते. त्या जागी आज एक स्मारकस्तंभ उभा आहे. बुडालेल्यांपैकी एकाचेही नाव आज कोणाला ठाऊक नाही.

जे वाचले त्यांना कोकणाने आसरा दिला. ते तेलाचा घाणा चालवू लागले. आपल्या धर्माप्रमाणे ते शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मराठी ही त्यांची मातृभाषा झाली. दिवेआगरचे ते दिवेकर, किहीमचे ते किहीमकर, अशी गावांची नावे त्यांच्या आडनावांत येऊन बसली. अलिबागच्या इस्राएल आळीत १८४८ साली त्यांनी ‘मागेन अबोथ’ हे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, उभारले. १९४८ नंतर या समाजातील बहुतेक कुटुंबे इस्राएल देशात गेली. परंतु कोकणातील गावांची नावे त्यांनी आपल्याबरोबर नेली.

कोकणाने ज्यांना आपल्या गावांची नावे दिली, त्यांच्याच धर्मबांधवांवर युरोपात भयंकर प्रसंग ओढवला. १९३३ साली जर्मनीची सत्ता हिटलरच्या हाती गेली. ज्यू लोकांचा द्वेष हेच त्याच्या राजवटीचे धोरण होते. प्रथम त्यांच्या नोकऱ्या गेल्या, नंतर घरे गेली, आणि शेवटी त्यांना आगगाड्यांत कोंबून छावण्यांकडे नेण्यात आले. ऑशविट्झच्या छावणीत कामाला ठेवलेल्या कैद्यांच्या हातावर क्रमांक गोंदवीत आणि त्यांना नावाने नव्हे, क्रमांकाने ओळखीत. १९४५ साली महायुद्ध संपले, तोवर सुमारे ६० लाख ज्यू लोकांची हत्या झाली होती. जग या संहाराला ‘होलोकॉस्ट’ म्हणते. मृतांपैकी असंख्य लोकांना थडगेसुद्धा मिळाले नाही.

ज्यांना थडगे नाही, त्यांचे स्मारक कसे करावे? या प्रश्नाचे एक उत्तर प्राग शहरात पाहावयास मिळते. तेथे १५३५ साली बांधलेले पिंकास नावाचे सिनेगॉग आहे. सिनेगॉगमध्ये माणसांच्या मूर्ती मांडण्याचा प्रघात नाही. म्हणून वाक्लाव बोश्तिक आणि यिर्झी योन या दोन चित्रकारांनी अक्षरांचेच चित्र करावयाचे ठरविले. १९५४ ते १९५९ या काळात, नाझींनी बळी घेतलेल्या त्या देशातील सुमारे ७८,००० ज्यूंची नावे भिंतींवर लिहिली गेली. आधी गाव, मग आडनाव, मग व्यक्तीचे नाव, जन्मतारीख आणि ती व्यक्ती जिवंत असल्याची शेवटची ज्ञात तारीख. दुरून पाहिले तर भिंतीवर बारीक विणीचे वस्त्र पसरल्यासारखे वाटते. जवळ गेले की त्यातून एकेक माणूस वेगळा होतो.

ही नावे सुखाने नांदली नाहीत. भिंतींत ओल मुरल्यामुळे १९६८ साली इमारत बंद करावी लागली. त्या काळात अक्षरे नाहीशी झाली, आणि तेथील तत्कालीन राजवटीने पुढे अनेक वर्षे दार उघडलेच नाही. १९८९ साली ती राजवट गेली. मग १९९२ ते १९९६ या काळात सर्व नावे पुन्हा लिहिण्यात आली. २००२ साली व्लटावा नदीला महापूर आला आणि खालच्या ओळींची पुन्हा हानी झाली. सावित्रीच्या पुराने घराच्या भिंतींचे काय होते, हे महाडच्या लोकांना सांगावयास नको. प्रागच्या लोकांनी त्या ओळी तिसऱ्यांदा लिहिल्या.

याच सिनेगॉगच्या वरच्या मजल्यावर मुलांची चित्रे मांडली आहेत. प्रागच्या उत्तरेस तेरेझीन येथे ज्यूंना कोंडून ठेवण्यात आले होते. तेथे फ्रीडल डिकर-ब्रान्डाइस नावाच्या चित्रकर्त्री मिळतील त्या कागदांवर मुलांना चित्रे काढावयास शिकवीत. मुले फुले, फुलपाखरे व आपली सुटलेली घरे काढीत. प्रत्येक चित्रावर मुलाने आपले नाव लिहावे, असा बाईंचा आग्रह असे. १९४४ साली बाईंना ऑशविट्झला नेऊन ठार मारण्यात आले. त्यांच्या बहुतेक विद्यार्थ्यांचाही तसाच अंत झाला. मागे दोन पेट्या उरल्या. त्यांत सुमारे ४,५०० चित्रे होती.

नवगावला मृतांसाठी भूमी मिळाली, पण त्यांची नावे उरली नाहीत. प्रागला नावे उरली, पण मृतांना भूमी मिळाली नाही. ‘६० लाख’ ही संख्या आपण क्षणात उच्चारतो आणि पुढे जातो. परंतु भिंतीवरचे एक नाव, त्याचे गाव आणि त्याची जन्मतारीख वाचली की, हा मुलगा आपल्याच वयाचा होता, हे ध्यानी येते आणि पाऊल अडते. ज्यांनी माणसाचे नाव काढून त्याला क्रमांक दिला, त्यांना ही भिंत शांतपणे उत्तर देत उभी आहे.

अभ्यास

१. बेने इस्राएल लोकांना ‘शनिवार तेली’ हे नाव कसे पडले?
२. पिंकास सिनेगॉगच्या भिंतीवरील नावे पुन्हा पुन्हा का लिहावी लागली?
३. चित्रावर स्वतःचे नाव लिहावे, असा आग्रह फ्रीडलबाई का धरीत असाव्यात? तुमचे मत लिहा.
४. तुमच्या गावातील एखादे स्मारक, समाधी किंवा वीरगळ पाहून या. वडीलधाऱ्यांना विचारून त्याची माहिती दहा ओळींत लिहा.