पिस्टन नवे टाकले, तरी ट्रॅक्टर का थरथरतो?



पावसाळा म्हणजे ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरची दुखणी काढण्याचा काळ. राहाता, श्रीरामपूर, नेवासा, कोपरगाव, कोठेही जा, गॅरेजसमोर इंजिन उकललेले ट्रॅक्टर उभे दिसतात. पिस्टन, रिंगा, लायनर नवे पडतात. मालक गाडी सुरू करतो आणि म्हणतो, "धूर गेला, पण स्टेअरिंग हातात ठरंना." मिस्त्री म्हणतो, "नवं काम हाय, चार दिवसांत बसंल." रिंगा बसायला थोडे तास लागतात हे खरे, पण काम झाल्यावर नव्याने सुरू झालेली थरथर आपोआप बसत नाही. तिचे कारण शोधावेच लागते.

हंगामात ट्रॅक्टर बंद पडला तर नुकसान एकट्या मालकाचे होत नाही. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, साखर उतारा कमी होतो. टोळी बसून राहते आणि उचल फिटायची तशीच राहते. म्हणून हा पाठ नीट वाचावा.

थरथर होते कशी?

पिस्टन प्रत्येक फेऱ्यात एकदा वर व एकदा खाली थांबतो आणि उलटा फिरतो. इंजिन मिनिटाला २००० फेरे करीत असेल तर हे ४००० वेळा घडते. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, आणि त्यांचे झटके बव्हंशी एकमेकांना मारतात. पण ही वजाबाकी चारही पिस्टन सारख्या वजनाचे असतील तरच जमते.

समजा, एकच पिस्टन फुटला म्हणून एकच बदलला, तोही दुसऱ्या बनावटीचा, आणि तो २० ग्रॅमने जड निघाला. ११० मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात २००० फेऱ्यांवर हे २० ग्रॅम सुमारे ५ किलोच्या जोराने धक्का देतात. फेरे निम्मे केले तर हाच धक्का चौथाईवर, म्हणजे सव्वा किलोवर येतो. शर्यतीच्या मोटारींचे कारागीर पिस्टन ग्रॅमच्या काट्यावर जुळवून घेतात ते याच कारणाने. आपला ट्रॅक्टर तितका पळत नाही. पण त्याचे इंजिन बहुधा चासीचाच भाग असते, मोटारीसारखे रबरावर बसवलेले नसते. त्यामुळे धक्का थेट सीटवर आणि स्टेअरिंगवर येतो.

पहिला प्रश्न : थरथर केव्हा होते?

गाडी उभी ठेवून, गिअर न टाकता, फेरे हळूहळू वाढवावेत आणि पाहावे.

१) सावकाश चालताना हेलकावते, फेरे वाढले की कमी होते. येथे वजनाचा दोष कमी संभवतो. एखादा सिलिंडर बरोबरीने काम करीत नाही. डिझेल लाइनीत हवा, खराब नोझल, टॅपेटचे चुकलेले अंतर, अडकलेली रिंग किंवा पंपाचे चुकलेले टायमिंग पाहावे. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या इंजिनात मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपाचे नट किंचित सैल करून पाहतो. ज्या सिलिंडरचे नट सैल करूनही आवाजात फरक पडत नाही, तो आधीच निकामी आहे. हे करताना हात, तोंड पाइपापासून दूर ठेवावे. दाबाचे डिझेल कातडीत घुसते. कॉमन रेल इंजिनात मात्र हा प्रयोग कदापि करू नये. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाल्यावर अशी इंजिने आपल्याकडेही आली आहेत. त्यांची तपासणी कंपनीच्या यंत्रावरच करावी.

२) फेऱ्यांबरोबर थरथर वाढत जाते. आता वजनाचा संशय घ्यावा. पिस्टनचे वजन जुळते का? कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी यांचे नंबर जोडीचे आहेत का? फ्लायव्हील किंवा प्रेशर प्लेट काढली असल्यास पहिल्याच खुणेवर बसली का? फॅनचे पाते वाकले आहे का? काही चार सिलिंडरच्या इंजिनांत ऑइल चेंबरमध्ये फिरत्या वजनांचा बॅलन्सर असतो. पिस्टन काढताना तो उतरवावा लागतो. परत बसवताना दात एका खुणेने चुकला, तर थरथर घालवणारा बॅलन्सरच थरथर वाढवतो.

३) एका ठरावीक फेऱ्यालाच थरथरते, पुढे थांबते. इंजिन व बेल हाउसिंगचे बोल्ट, पुढच्या आसाचे ब्रॅकेट, बॉनेट व सायलेन्सरची पकड तपासावी. बहुधा काहीतरी सैल सापडते.

४) उभ्या गाडीत काही नाही, ट्रॉल्या ओढतानाच हादरे बसतात. इंजिन उकलू नका. चाके, टायर, ट्रॉलीची पिन आणि हूक पाहा.

विहिरीवरच्या एका सिलिंडरच्या इंजिनाचा हिशेब वेगळा आहे. तेथे दुसरा पिस्टन नसल्याने झटका भागवण्याचे काम क्रँकवरची वजने करतात. म्हणून मूळच्याच वजनाचा पिस्टन लागतो, आणि फाउंडेशनचे बोल्टही तपासावे लागतात.

काम करून घेताना

पिस्टन शक्यतो एकाच बनावटीचा पूर्ण संच घ्यावा. बसवण्यापूर्वी पिन व रिंगांसह प्रत्येकाचे वजन सोनाराच्या काट्यावर करावे. फरकाची मर्यादा कंपनीच्या पुस्तकात असते, ती सहसा काही ग्रॅमचीच असते. पिस्टनवरची खूण पुस्तकात दाखवलेल्या बाजूलाच हवी. रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ देऊ नयेत. इंजिन जाम झाले असेल तर रॉड वाकला नाही ना, हे तपासून घ्यावे. जुने पिस्टन आणि पावती सांभाळून ठेवावी. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.

आणि मूळ कारण विसरू नये. पाचटाची धूळ रेडिएटरच्या जाळीत बसली की इंजिन तापते, आणि तापलेल्या इंजिनात पिस्टन धरतो. एअर क्लीनर घाण राहिला तर धुळीने रिंगा झिजतात. हे दोन्ही रोज पाहिले नाही तर नवा संचही जुन्याच वाटेने जाईल.

थरथरीबरोबर ठोका ऐकू आला, किंवा ऑइलचा दाब उतरला, तर गाडी तेथेच बंद करावी. "खेप टाकून बघू" म्हणाल, तर पिस्टनचे काम क्रँकवर जाईल आणि खर्च कितीतरी पटींनी वाढेल.

ज्यांनी इंजिनाचे काम काढले आहे त्यांनी ते बॉयलर अग्निप्रदीपनाच्या पुरेसे आधी संपवावे. पहिले काही तास हलक्या ओझ्यावर चालवून, ऑइल बदलून, मगच गाडी भरीला लावावी.

— ऊस विकास अधिकारी