कैचीला धार: तीस रुपयांची की सहाशेची?

भंडारा जिल्ह्यात कैचीला धार लावायला तीस रुपयेही लागतात आणि सहाशेही. तीस-पन्नासात आठवडी बाजारातला किंवा सायकलवर चाक घेऊन फिरणारा धारवाला काम करून देतो. पाचशे-सहाशे लागतात ते नागपुरात, सलूनचं सामान विकणाऱ्यांमार्फत, खास केसांच्या कैच्यांचं काम करणाऱ्या कारागिराकडे दिली तर. दोन्ही कामं आपापल्या जागी बरोबर आहेत. नुकसान होतं ते तीस रुपयांचं काम सहा हजारांच्या कैचीवर करून घेतल्यावर, किंवा धारेची गरजच नसताना धार लावल्यावर. यातला दुसरा प्रकार जास्त घडतो, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण धारवाला "गरज नाही" म्हणाला तर त्याचं पोट कसं चालणार?

पुढचे सगळे दर अंदाजाचे, चौकशीला आधार म्हणून धरावेत. तुमसरात, साकोलीत, पवनीत थोडा फरक पडणारच.

धार खरंच गेली आहे का?

कैची केस ओढायला लागली की तीन शक्यता असतात: मळ साचलाय, स्क्रू ढिला झालाय, किंवा धार गेलीय. पहिल्या दोन गोष्टींचा खर्च जवळजवळ शून्य आहे, म्हणून सुरुवात तिथून करावी.

स्क्रू तपासायला अर्धं मिनिट लागतं. एक कडी हातात घट्ट धरा, दुसरी कडी उचलून कैची पूर्ण फाकवा आणि ती कडी सोडून द्या. पातं आपल्याच वजनानं खाली येऊन साधारण एक तृतीयांश उघडं राहिलं तर ताण बरोबर आहे. खटकन पूर्ण मिटलं तर स्क्रू ढिला. जागचं हललंच नाही तर जास्त आवळलेला. ढिल्या कैचीत दोन पात्यांमध्ये फट राहते आणि केस कापला न जाता दुमडून आत शिरतो. मग कापणारा नकळत अंगठ्यानं बाजूला दाब देतो, धारेवर धार घासते, खाचा पडतात. म्हणजे धार शेवटी जातेच, पण मूळ दुखणं स्क्रूचं असतं. असा स्क्रू तसाच ठेवून धार लावून आणली तर महिन्याभरात तीच तक्रार परत.

स्क्रू ठीक असेल तर कैची ट्यूबलाइटखाली धरा, धार वरच्या बाजूला. चांगल्या धारेवर उजेड दिसत नाही. जिथे धार मेली आहे तिथे बारीक पांढरी रेघ चमकते, खाच असेल तिथे ठिपका. मग ओला टिश्यू पेपर बुडाशी, मध्यावर आणि टोकाशी कापून पाहा. स्वच्छ कापला तर पैसे खिशात ठेवा. टोकाशीच चुरगळला तर कैची बहुतेक कधीतरी फरशीवर पडली असेल. सलूनमधल्या कैच्या टोकाकडूनच जास्त बिघडतात.

मळाचं म्हणाल तर आपल्याकडचा मळ जरा वेगळा आहे. धानाच्या मळणीच्या दिवसांत गिऱ्हाइकाच्या केसांत भुसा आणि बारीक धूळ असते. होळीनंतर आठवडाभर रंग निघत राहतो. वर पावडर आणि केस काळे करायचा डाय. यातली धूळ धारेवर रेतीचं काम करते आणि डाय पोलादाला खातो. पावसाळ्यात या तलावांच्या जिल्ह्यात हवाच इतकी ओलसर असते की रात्री न पुसलेली साधी कैची सकाळी स्क्रूजवळ तांबूस दिसते. त्यामुळे दुकान बंद करताना कोरडं फडकं, मग स्पिरिटचा बोळा, स्क्रूवर तेलाचा एक थेंब, दहा वेळा उघड-मीट आणि बाहेर आलेलं काळं तेल पुसून घेणं, एवढं रोज व्हायला हवं. तेल शिलाई मशीनचं चालतं. छोटी बाटली तीस-चाळीस रुपयांना मिळते आणि महिनोन्‌महिने पुरते. खोबरेल आणि मोहरीचं तेल मात्र वापरू नका. ते काही दिवसांत चिकट होतं आणि त्यावर केस बसून लगदा तयार होतो. निर्जंतुक करायला कैची ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवणंही टाळा, स्टेनलेसही त्यात गंजतं.

कोणत्या कैचीला कोणता कारागीर

गावातल्या बहुतेक सलूनमधली साधी कैची दीडशे ते पाचशे रुपयांची असते. यातल्या मेरठच्या कैचीला भौगोलिक मानांकन आहे, आणि खोलून, घासून पुन्हा जोडता येणं हा तिचा मोठा गुण. तिची धार बाहेरून तिरकी, सरळ कोनातली. अशा कैचीला आठवडी बाजारातला जाणता धारवाला पुरेसा आहे. त्याच्याकडे दोन गोष्टी पाहा. तो थांबून थांबून, पातं पाण्यात बुडवत घासतो का? आणि आतल्या सपाट बाजूला चाक लावत नाही ना? सतत चाकावर धरून ठिणग्या उडवल्या की पातं तापतं. धारेजवळ निळसर डाग दिसला तर तिथलं पोलादाचं पाणी उतरलं म्हणून समजा. त्या जागी पुन्हा कितीही धार लावा, टिकणार नाही.

भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव असल्यानं पॉलिशचं चाक सहज सापडतं आणि कैची तिथेच चमकवून आणावी असं वाटू शकतं. चमक येईल, धार जाईल. कापडी चाकावर धारेची कड गोलावते.

महागड्या, जपानी घडणीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कैच्यांची गोष्ट वेगळी. त्यांचं पातं बाहेरून फुगीर आणि आतून किंचित खोलगट असतं. आतल्या कडेनं पाहिलं तर धाग्याएवढी चकचकीत पट्टी धारेच्या बाजूनं टोकापर्यंत गेलेली दिसते. दोन्ही पाती त्या पट्टीवरच एकमेकांना टेकतात, म्हणून कैची आवाज न करता सरकते. साध्या चाकावर नेली की बाहेरचा फुगवटा सपाट होतो आणि आतली पट्टी नाहीशी होते. त्यानंतर ती पाचशे रुपयांच्या कैचीसारखीच चालते. पुन्हा पूर्ववत करायला इतका धातू घासावा लागतो की तिचं निम्मं आयुष्य तिथेच संपतं. अशी कैची असेल तर वाट पाहावी लागली तरी नागपूरच गाठा. देण्याआधी कारागिराला सरळ विचारा, "फुगीर धार तशीच ठेवणार का? आतून सपाट दगडावर घासता का?" उत्तर देताना तो अडखळला तर कैची परत खिशात.

पातळ करायच्या, म्हणजे थिनिंगच्या कैचीत सहसा सरळ पात्यालाच धार लावतात. दातेरी पातं उगाच घासलं तर दात्यांची उंची कमी-जास्त होते. दोन्ही पात्यांचे वेगळे पैसे मागणाऱ्याकडे जरा संशयानं पाहावं.

हिशेब

समजा तुम्ही दिवसाला बारा कटिंग करता आणि महिन्यात पंचवीस दिवस दुकान उघडं असतं. वर्षाला ३,६०० डोकी झाली. तीनशेची साधी कैची घेतली, दर महिन्याला पन्नास रुपयांची धार लावली आणि वर्षाअखेर बदलली, तर खर्च ३०० अधिक अकरा धारांचे ५५०, मिळून ८५० रुपये. अडीच हजारांची कैची घेऊन ती पाच वर्षं चालवली, वर्षातून दोनदा पाचशेची धार लावली आणि दोन्ही वेळा भंडाऱ्याहून नागपूरला एसटीनं जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास भाडं दिलं, तर वर्षाला ५०० अधिक १,००० अधिक ४००, म्हणजे १,९०० रुपये.

चांगली कैची "शेवटी स्वस्त पडते" असं विकणारे सांगतात. या हिशेबात ती पडत नाही. वर्षाला हजार-अकराशे रुपये जास्तच जातात, म्हणजे दर कटिंगमागे तीस पैशांच्या आसपास. प्रश्न एवढाच की हे तीस पैसे तुमच्या अंगठ्यासाठी आणि मनगटासाठी द्यायचे का. दिवसभर कैचीवर काम करणाऱ्यानं द्यावेत असं माझं मत आहे. बोथट कैची दाबून चालवण्याची किंमत चाळिशीनंतर हात वसूल करतो. ज्याचं निम्म्याहून जास्त काम केस कापायच्या मशीनवर होतं, त्यानं साधी कैचीच ठेवावी आणि उरलेले पैसे मशीनकडे वळवावेत. लाखांदूरसारख्या टोकाच्या तालुक्यातून नागपूर म्हणजे अख्खा दिवस जातो, म्हणून चार-पाच दुकानदारांनी कैच्या एकत्र करून सुट्टीच्या दिवशी एकाच्या हाती पाठवणं हा सोपा उपाय. प्रत्येक कैचीवर नावाची चिठ्ठी चिकटवा, नाहीतर परत आल्यावर वाद.

मशीनचं ब्लेड

"भाऊ, मशीन लय गरम होऊन राहिली," असं गिऱ्हाईक म्हणालं की समजावं, तेल संपलंय. मशीनमध्ये खालचं पातं स्थिर असतं आणि वरचं त्यावर सेकंदाला कित्येक वेळा घासत फिरतं. मधे तेलाचा पापुद्रा नसेल तर दोन्ही तापतात, झिजतात आणि केस ओढतात. तीन-चार थेंब दात्यांवर, एकेक दोन्ही कोपऱ्यांवर, मशीन दहा सेकंद चालू, मग पुसून घ्या. गर्दीच्या दिवशी हे दोनदा करावं.

आठवड्यातून एकदा दोन स्क्रू काढून ब्लेड खोला. आत केस, पावडर आणि जुन्या तेलाचा राखाडी लगदा घट्ट बसलेला दिसेल. जुन्या दातांच्या ब्रशनं काढा, स्पिरिटनं पुसा, तेल देऊन जोडा. जोडताना वरच्या पात्याचे दाते खालच्या दात्यांपेक्षा जरासे मागे हवेत, साधारण पाऊण-एक मिलिमीटर. पुढे आले तर कातडी कापेल. मानेवर ओरखडे उठवणारी कितीतरी मशीन्स फक्त चुकीची जोडलेली असतात.

वायरच्या, चुंबकावर चालणाऱ्या मशीनचं आणखी एक. उन्हाळी धानाचे पंप सुरू झाले की गावात व्होल्टेज पडतो आणि मशीन दमल्यासारखी चालते. लोक ब्लेड बदलतात. खरं तर आधी बाजूचा ताकदीचा स्क्रू पाहायचा असतो: खडखडाट होईपर्यंत फिरवा, मग आवाज शांत होईपर्यंत किंचित मागे.

हे सगळं करूनही केस अडकत असतील तर धार. इथे दर असे: ब्लेडला धार शंभर ते दोनशे, नावाजलेल्या कंपनीचा नवा ब्लेड सेट सातशे ते दीड हजार, चिनी बिनवायरच्या मशीनचं ब्लेड दीडशे ते तीनशे. यावरून निर्णय आपोआप होतो. चिनी मशीनच्या ब्लेडला धार लावू नका, बदला. कंपनीच्या ब्लेडला एक-दोनदा लावा, पण फक्त सपाट फिरत्या तबकडीवर घासणाऱ्याकडे. सायकलच्या चाकावर किंवा हातानं दगडावर घासलं की सपाटी जाते. घेण्यापूर्वी दोन्ही पाती एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरा. दात्यांच्या टोकांशी प्रकाश दिसला तर पैसे देऊ नका. सिरॅमिकचं पातं कमी तापतं, पण हातातून पडलं की तुटतं आणि धारेला सहसा कोणी हात लावत नाही.

घरच्या ट्रिमरला बहुतेक वेळा धारेचं नव्हे, बॅटरीचं दुखणं असतं. पूर्ण चार्ज करूनही संथ चालत असेल तर ब्लेडवर खर्च व्यर्थ.

पैसा आणि पावती

नवं सामान घ्यायचंच असेल तर आधी पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ व्यवसायांत नाभिकांचा व्यवसाय आहे. पाच ते सात दिवसांच्या मूलभूत प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर, आणि पाच टक्के व्याजानं पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो आणि नोंदणी सीएससी केंद्रातून होते. ती सध्या सुरू आहे का, हे तिथेच विचारून जा. मला विचाराल तर व्हाउचर कैचीवर संपवू नये, चांगली मशीन आणि दोन जादा ब्लेड सेट घ्यावेत.

दुकानदार मशीन देताना "वॉरंटी आहे ना, कार्ड कशाला" म्हणतो. कार्ड घ्या, तारखेचं पक्कं बिल घ्या, आणि धारेला कैची देतानाही चिठ्ठीवर तिची कंपनी व अवस्था लिहून घ्या. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची ग्राहक म्हणून तक्रार करता येत नाही, असा समज आहे. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणात धरली जात नाही. स्वतः कैची चालवणारा नाभिक हाही ग्राहकच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. बिल मात्र लागतं.