कौलारू छप्पर दुरुस्तीला आले हे कसे ओळखावे?

वाळवा तालुक्यातील आष्टा आणि आसपासच्या गावांत ऊस, हळद व सोयाबीन ही महत्त्वाची पिके आहेत. गावठाणात स्लॅबची घरे वाढली असली तरी जुनी राहती घरे, मळ्यातील वस्त्या आणि जनावरांचे गोठे यांवर आजही मंगलोरी कौले दिसतात. वर्षाची ज्वारी, भाव येईपर्यंत थांबवलेली हळद, बियाण्यासाठी राखलेले सोयाबीन आणि कडबा याच कौलांखाली साठवलेला असतो. पिकावर रोग दिसताच आपण उपाय करतो. छपराकडे मात्र अंथरुणावर पाणी ठिपकेपर्यंत लक्ष जात नाही. घरात ठिपका पडतो तेव्हा बिघाड होऊन बराच काळ लोटलेला असतो. त्याआधीची लक्षणे घरमालकाला स्वतः ओळखता यावीत, यासाठी ही माहिती देत आहोत.

गळतीने होणारे नुकसान

एक इंच पाऊस झाला तर १०० चौरस फूट पाख्यावर सुमारे २३० लिटर पाणी पडते. त्यातील शंभरावा भाग आत आला तरी दोन लिटरपेक्षा जास्त पाणी पोत्यांवर पडते. हळद साठवताना तिच्यात ८ ते १० टक्के आणि धान्यात १२ टक्क्यांच्या आत ओलावा असावा लागतो. ओल लागलेल्या धान्यावर व कडब्यावर बुरशी वाढते. काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते शिजवल्याने पूर्णपणे जात नाही आणि दुभत्या जनावराच्या खाद्यातून त्याचा अंश दुधातही उतरतो. बियाण्याची उगवणशक्ती घटते ती वेगळीच.

पाहणी केव्हा करावी?

वर्षातून तीन वेळा पाहणी करावी. पहिली एप्रिल-मे महिन्यांत, हळद शिजवून वाळवण्याचे काम उरकल्यावर व रोहिणी नक्षत्र निघण्यापूर्वी. दुसरी वळवाच्या पहिल्या जोरदार पावसानंतर लगेच. या पावसाबरोबर येणारा वारा कौले सरकवतो आणि गारा ती फोडतात. तिसरी दसरा-दिवाळीच्या सुमारास, कारण पावसाळाभर मुरलेली ओल व वाळवी तेव्हा स्पष्ट दिसते.

आतून दिसणारी लक्षणे

१) भर दुपारी दारे-खिडक्या बंद करून वर पाहावे. कौलांच्या जोडांतून ओळीने दिसणारी बारीक फट नेहमीची असते, तिची चिंता नको. एकाच कौलाच्या मध्यभागी उजेडाचा ठिपका किंवा वाकडी रेघ दिसल्यास ते कौल तडकले आहे. एका ठिकाणची फट शेजारच्या फटीपेक्षा रुंद असेल तर कौल सरकले आहे किंवा खालची रीप वाकली आहे.

२) चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या वाशांवर पाण्याचे ओघळ पांढरट किंवा तांबूस दिसतात. पाणी वाशावरून उतरत येऊन मग खाली पडते. त्यामुळे ठिपका पडतो त्याच्या सरळ वर नव्हे, तर आढ्याच्या दिशेने वर चढत ओघळाचे मूळ शोधावे.

३) भिंतीच्या माथ्याला ओलीचा डाग, फुगलेला गिलावा किंवा पोपडे दिसल्यास वळचणीजवळची कौले आणि दोन पाखी मिळतात तेथील पन्हळ तपासावी. पन्हळीत पालापाचोळा साचला की पाणी उलटे आत येते.

४) माळ्यावर कौलाचा तांबडा चुरा वारंवार पडत असेल तर कौल कच्चे आहे किंवा त्याला खार फुटून पापुद्रे सुटत आहेत.

बाहेरून दिसणारी लक्षणे

घरापासून थोडे दूर उभे राहून आढ्याची रेघ पाहावी. ती मध्ये झुकलेली असल्यास किंवा पाख्यावर खोलगट भाग दिसल्यास दोष कौलांत नसून लाकडात किंवा भिंतीत आहे. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे उथळ पायाच्या भिंती हलतात आणि त्यांच्यावर टेकलेले छप्परही हलते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात ज्या मातीच्या भिंती पाण्यात उभ्या होत्या, तेथे वाशांची टोके भिंतीवर नीट टेकलेली आहेत का, हे आवर्जून पाहावे.

आढ्यावरील कौलांच्या सांध्यातील चुना किंवा सिमेंट सुटले असेल, तेथे गवत किंवा पिंपळाचे रोप उगवले असेल तर सांधा उघडा पडला आहे असे समजावे. शेवाळाने कौल फुटत नाही. पण शेवाळ पाणी धरून ठेवते व जोडातील खाच बुजवते. मंगलोरी कौलाची खाच शेजारच्या कौलाच्या खाचेत बसते आणि पाणी त्या मार्गानेच वाहून जाते. खाच बुजली की पाणी आत वळते.

कौलाची पारख

शंका असलेले कौल उतरवून बोटाच्या पेराने वाजवावे. चांगले कौल खणखणीत वाजते, तडकलेले बद्द वाजते. खालच्या बाजूचे खुंट, ज्यांनी कौल रिपेला अडकते, ते शाबूत असावेत. कौल उन्हात पूर्ण वाळवून त्याचे वजन करावे, २४ तास पाण्यात बुडवून ठेवावे, पुसून पुन्हा वजन करावे. वजन पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त वाढल्यास ते कौल बदलावे. १०० चौरस फुटांना सुमारे १५० कौले लागतात आणि एक कौल २ ते अडीच किलोचे असते. म्हणजे कोरडे ओझेच सव्वातीनशे किलोंच्या आसपास होते. कौलांनी १५ टक्के पाणी शोषले तर त्यात आणखी ५० किलोंची भर पडते. पोखरलेला वासा पावसाळ्यातच मोडतो, तो यामुळे.

लाकडाची तपासणी

वाशाची भिंतीत गेलेली टोके सर्वांत आधी कुजतात. तेथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहावा. तो सहज आत गेला तर लाकूड निकामी झाले आहे. हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का पाहावे. भिंतीवरून चढलेल्या मातीच्या नळ्या म्हणजे वाळवी, तर वाशाखाली पडलेला बारीक पिवळसर भुगा म्हणजे भुंगेरा, असे समजावे. वाशाच्या दोन्ही टोकांना दोरी ताणून धरली म्हणजे वासा किती वाकला आहे ते कळते. गेल्या वर्षीपेक्षा बाक वाढला असेल तर थांबू नये.

कोणती दुरुस्ती करावी?

• फुटलेली कौले इकडेतिकडे एक-दोन असतील तर तेवढीच बदलावीत. नवे कौल त्याच मापाचे व त्याच छापाचे असावे. अन्यथा खाचा जुळत नाहीत.

• कौले चांगली, पण सरकलेली व शेवाळलेली असतील तर संपूर्ण पाखे उतरवून, घासून, पुन्हा शाकारावे.

• फुटकी कौले एकाच भागात असतील तर ती बदलून भागत नाही. त्याखालची रीप किंवा वासा वाकला आहे. सुताराला बोलावून आधी लाकूड बदलावे, मगच कौले चढवावीत.

• भिंतीला पायापासून वरपर्यंत तडा असेल तर छपराआधी भिंतीची दुरुस्ती करावी.

तडकलेल्या कौलावर सिमेंटचा लेप देणे हा तात्पुरता उपाय आहे. ऊन-पावसाने तो लवकरच सुटतो. कौलाखाली प्लॅस्टिकचा कागद घट्ट अंथरल्यास लाकडाची ओल कोंडते व ते कुजते.

घ्यावयाची दक्षता

ओल्या कौलांवर चढू नये. कोरड्या कौलांवरही थेट पाय न देता वाशांवर आडवी फळी टाकून काम करावे आणि खाली एक माणूस हजर ठेवावा. छपराजवळ विजेची तार असल्यास मेन स्विच बंद करावा आणि बाहेरून येणाऱ्या तारेजवळ कामच करू नये. गळतीची जागा सापडत नसेल तर शिडीवरून पाणी ओतावे, पण वळचणीपासून सुरुवात करून एकेक ओळ वर जावे. आत उभ्या असलेल्या माणसाला पाणी दिसले की सदोष ओळ समजते.

दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत पोती भिंतीपासून एक हात दूर, लाकडी फळ्यांवर रचावीत. दरवर्षी शाकारणी करताना २०-२५ जादा कौले घरात ठेवावीत. ऐन पावसात दोन कौलांसाठी धावाधाव करावी लागत नाही आणि घरातील हळद-धान्य कोरडे राहते.